बिनखिळ्याची पेटी

एकोणीसशे अडुसष्ट साल. मी तेवीस वर्षांचा होतो आणि चार महिने खिळे ठोकण्याशिवाय दुसरं काही केलं नव्हतं. आदल्या डिसेंबरात कोयनेला धरणी हलली, घरं पडली आणि आमच्या भागातले हातीपायी धड असलेले सगळे सुतार कोयनानगरला गेले. शेडी उभ्या करायच्या होत्या. वासा उभा कर, आडवा टाक, चार इंची खिळा घे, ठोक, पुढं चल. माझा रंधा पेटीतनं बाहेरही निघाला नाही. मुकादम म्हणायचा, "गड्या, नक्षी नगं, छप्पर पायजे." त्याचं खरंच होतं. माणसं उघड्यावर थंडीत होती. पण बापानं मला शिकवलं होतं ते हे नव्हे, एवढं मला तिथंही कळत होतं.

मी मराठी तिसरीपर्यंत शिकलो. त्यातली दुसरी दोनदा केली. हे लिहिलेलं नातीनं तपासलं आणि बरंच सुधारलं. मी ते परत होतं तसं केलं. काम माझं, तर सांधेही माझेच पाहिजेत.

आमचं गाव कडेगावच्या अलीकडं. गावाच्या पूर्वेला आमची ख्रिस्ती आळी, चौदा घरं आणि कौलारू देऊळ, म्हणजे आमचं चर्च. आमचा आजा ख्रिस्ती झाला, म्हणजे माझी तिसरी पिढी. आमच्यात नाताळापेक्षा उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, मोठा. नाताळला गाव आमच्याकडं करंज्या खायला यायचा, पण उत्तम शुक्रवार आमचा एकट्यांचा. त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत पोटात काही नाही. म्हाताऱ्यांनी आणि लेकुरवाळ्यांनी पाणी प्यावं, बाकीच्यांनी तेही नाही. देवळाची घंटा वाजत नाही. माणसं आपली आपण बारा वाजता येऊन बसतात. प्रभू खांबावर, म्हणजे क्रुसावर, असताना सात वेळा बोलला, ते सात बोल एकेक करून वाचायचे, प्रत्येकावर थोडं सांगायचं, मधे गाणं म्हणायचं आणि गप्प बसायचं. तीन वाजता उठायचं, कुणी कुणाला सलाम करायचा नाही, सरळ घरी जायचं. घरात मयत झाल्यासारखं जायचं.

हे सगळीकडं असंल. पण आमच्या आळीत आणखी एक होतं, ते मी दुसरीकडं कुठं बघितलं नाही. गुरुवारी दिवस मावळल्यापासून रविवारी पहाटे पुनरुत्थानाची घंटा होईपर्यंत आळीत हातोडा वाजायचा नाही. खिळा नाही, खुंटी नाही, खाटेची पाचरसुद्धा नाही. आता नातवंडं विचारतात, "आबा, ड्रिल चालतंय का?" मी विचारतो, आवाज येतो का? येतो. मग नाही.

ही चाल बायबलबाईनं पाडलेली. तरुणपणी ती मिशनकडनं घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायची, म्हणून ते नाव पडलं. आम्ही तिला मावशी म्हणायचो. पंचाहत्तरीला आलेली, काटकुळी, पाच फुटाला दोन बोटं कमी, दातांना मिश्री लावून काळे केलेले, आणि जीभ अशी की रंध्याचं पातं. गुरुवारी संध्याकाळी ती कमरेवर पाटी घेऊन दारोदार फिरायची आणि सगळ्यांचे हातोडे गोळा करायची. मास्तरचा तसबिरी टांगायचा छोटा हातोडासुद्धा सुटायचा नाही. पाटी आपल्या खाटेखाली सारायची आणि रविवारी सकाळी ज्याचा त्याला परत. कुणी हसायचं, कुणी कुरकुरायचं, पण देत नाही म्हणणारा निघाला नाही.

मी एकदा अडवलं होतं. विचारलं, "मावशी, हे शास्त्रात कुठं लिवलंय?"

"न्हाई लिवल्यालं."

"मग कशापायी?"

"त्याची आई खांबापाशी हुबी हुती, ह्ये लिवलंय का न्हाई?"

"हाय."

"मग तिनं ठोकल्याला आवाज ऐकला का न्हाई? ह्ये बी लिवून दावाय पायजे व्हय रं तुला? जा, तुझ्या आईला इचार." आणि पाटीत माझा हातोडा टाकून म्हणाली, "वर्साचं दोन-तीन दिस तिच्या कानाला इसावा. त्यो बी तुमी दिऊ नका."

मी हातोडा जाऊ दिला. जाऊ दिला म्हणजे पटलं होतं असं नाही. उलट एक मनात आलं आणि ते तिला बोललो नाही. तो खांब कुणीतरी तासला असंलच की. सुतारानंच. सुताराच्या पोराला मारायला सुतारानंच लाकूड दिलं. ते मनात आलं आणि त्या वर्षापासनं मी हातोडा न मागता देऊ लागलो.

अडुसष्ट साली त्या गुरुवारी संध्याकाळी मी कोयनेहून एस्टीनं आलो. पाय धुतो न धुतो तोवर मावशी दारात.

"आलास? आण तुझा घण."

मी हातोडा दिला आणि सहज थट्टेनं बोललो, "मावशी, समद्यांचं हातोडं तुझ्या खाटंखाली. मधीच कोण मेलं तर पेटी कशानं ठोकू?"

ती थांबली. मला खालीवर बघितलं. "तुझा बा पेट्या करायचा त्यात खिळा नसायचा. लाकडात लाकूड बसवायचा. तुला येत न्हाई व्हय?" आणि जाता जाता, "न्हाई यायाचं. आता तू खिळंवाला झालास."

माझी आई चुलीपाशी होती, ती हसली. ते हसू माझ्या मनाला लागलं. बाप जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हापासनं आळीतल्या पेट्या मी करत होतो आणि करताना खिळे मारत होतो, कारण लवकर होतं. कुणी काही म्हणालं नव्हतं. मला वाटायचं, कुणाच्या ध्यानात आलं नाही.

शुक्रवारी उजाडलं आणि मावशीचा लेक आमच्या दारात. तो फौजेत हवालदार, महिन्याच्या रजेवर आलेला. उघड्या अंगानं तसाच आला होता. म्हणाला, "आई गेली. उठवाय गेलो तर गेल्याली." मग, "पेटी लागंल तुला करायला."

आम्ही गेलो. मावशी कुशीवर होती, हात गालाखाली. आणि खाटेखाली पाटी. चौदा घरांचे हातोडे तिच्या अंगाखाली.

पाळकसाहेब आले, आमच्या देवळाचे धर्मगुरू. थोराड देहाचा, मऊ बोलण्याचा माणूस. ठरलं असं की उपासना झाल्यावर, पाचच्या सुमाराला माती द्यायची. एप्रिलचा उन्हाळा, बर्फ कुठं मिळायचा, रविवारपर्यंत ठेवणं शक्यच नव्हतं. हवालदार खाली वाकला, पाटी ओढली आणि माझा हातोडा बरोबर ओळखून वर काढला.

"घे. लाग कामाला."

मी हात पुढं केला नाही. "आज न्हाई वाजायचा."

"खुळा हाईस का? तिचीच पेटी हाय."

"म्हणून तर."

तो चिडला. "आवं पाळकसाहेब, सांगा ह्याला. आईचं खूळ आईबरोबर गेलं. मी लढाईत माणसं घोंगड्यात गुंडाळून पुरल्याली बघितल्यात. देवानं कुणाला परत धाडलं न्हाई, खिळं मोजून."

पाळकसाहेब म्हणाले, "दयेचं काम आजच्या दिवशीही करावं. शास्त्राची आडकाठी नाही."

"शास्त्राची न्हाई," मी म्हणालो. "मावशीची हाय."

"मग सांगलीहनं तयार पेटी आणतो," हवालदार म्हणाला. "ट्रक गाठतो. तितल्या सुतारानं तिकडं ठोकल्याली. झालं?"

"आण की. आन झाकण? ते मसणवटीत कशानं बंद करशील?"

आमच्यात झाकण शेवटी कबरीपाशी ठोकतात, तोंड बघून झाल्यावर. सगळ्या लोकांसमोर आठ-दहा खिळे. तो आवाज ज्यानं ऐकला त्याला सांगायला नको.

"पाच वाजता पेटी दारात आसंल," मी म्हणालो. "बिनखिळ्याची. झाकण बी बिनखिळ्याचं."

"आन नसली तर?"

"नसली तर ह्यो हातोडा घे आन माझ्या डोस्क्यात घाल. त्यो आवाज मावशीला चालंल."

पाळकसाहेबांना हसू आलं, ते त्यांनी रुमालात लपवलं. मी तोंडानं बोललो खरा, पण घरी येईपर्यंत हिशेब केला. चार कोपऱ्यांचे सांधे, तळाची आणि झाकणाची खोबण, आणि हातात आठ तास. असला सांधा मी बापाच्या डोळ्यादेखत केलेला, एकट्यानं कधी नाही. तरी मला येईल याविषयी मला शंका नव्हती. शंका असलेल्या माणसानं लाकडाला हात लावू नये.

घरात पाऊण इंची आंब्याच्या फळ्या होत्या, देवळाच्या बाकासाठी आणलेल्या, साडेपाच फुटी. फळीच्या टोकाला दाते कापायचे. डमरूचं अर्धं अंग असतं ना, मुळाशी बारीक आणि टोकाला पसरट, तसे. दुसऱ्या फळीला तशाच खाचा. एकात एक बसले की ओढून निघत नाहीत. खाचा कोरायला पटाशीवर, म्हणजे सुताराच्या छिन्नीवर, मोगरी मारतात. मोगरी म्हणजे लाकडी हातोडा. ती मावशी कधी नेत नसे, आणि पाळकसाहेब मागोमाग येऊन म्हणालेच, "अरे, मोगरी वापर की. लाकडाचीच आहे."

"आवं साहेब, त्या आईला लोखंडाचा आवाज निराळा आन लाकडाचा निराळा, आसं कळलं आसंल व्हय?"

पाळकसाहेब उपासनेची तयारी करायला गेले. मी करवत घेतली. करवतीला बंदी नव्हती. करवत रडते, ठोकत नाही. जेवढं करवतीनं निघेल तेवढं काढायचं आणि राहिलेलं पटाशी हाताच्या तळव्यानं रेटून, खांद्याचा भार देऊन. पहिली आखूड फळी चांगली झाली. दुसरी झाली. मग लांब फळी घेतली आणि तिथं मी चुकलो.

चार महिन्यांच्या खिळ्यांनी हाताला घाई लावली होती. थोडं थोडं कोरायचं सोडून मी पटाशी एकदम खोल घातली आणि तळव्यानं गुद्दा मारला. उन्हानं वाळलेला आंबा. फळी टोकापासनं उभी चिरली, अर्ध्यापर्यंत. बाजूला दुसरी तेवढी लांब फळी नव्हती. होती ती तळाला आणि झाकणाला धरलेली.

मी खाली बसलो. देवळात पहिला बोल वाचायला लागले होते. शेजारच्या चार घरांत चिटपाखरू नव्हतं, सगळे तिकडं. जन्मात पहिल्यांदा मी त्या दिवशी देवळाच्या बाहेर होतो. 'हे काय करतात हे त्यांना समजत नाही' या अर्थाचा तो बोल आहे. मला तो माझ्या हातांविषयीच वाटला. तहान लागली होती, तळवा सुजायला लागला होता, आणि मावशीचं "खिळंवाला" कानात होतं.

आई देवळात गेली नव्हती. मयताला आंघोळ घालून आली होती. तिनं चिरलेली फळी बघितली आणि विचारलं, "केवढी पायजे?"

"साडेपाच फुटी."

तिनं आमच्या दाराकडं बघितलं. ते दार बापाचं. तीन सागवानी फळ्या, मागनं दोन आडव्या पट्ट्या सरकवलेल्या, बिजागरी नाही, चौकटीच्या खोबणीत फिरणारं. त्यातही खिळा नव्हता. बापानं ते लग्नाच्या आधी केलं होतं, आईला ह्या घरात आणायच्या आधी.

"आई, ते नगं."

"का नगं? मावशीनं मला ह्या दारातनं आत घेतलं. माझी सासू नव्हती तवा." मग म्हणाली, "आन रं, त्याचं काम बघत बसाय ठिवलंय का वापराय?"

आम्ही दोघांनी दार उचलून काढलं. पट्ट्या सरकवल्या तशा सहज सरकल्या, तीस वर्षांनंतर. मधली फळी काढली. साग वाळून लोखंड झाला होता, पण चिरत नव्हता. त्या फळीला मी घाई केली नाही. देवळातनं गाणं यायचं, थांबायचं, मग माझ्या करवतीचा आवाज जायचा तिकडं. नंतर लोक सांगत होते की गप्प बसायच्या वेळी करवत ऐकू येत होती आणि पाळकसाहेबांनी एकदाही खिडकीकडं बघितलं नाही.

तीनला सगळे बाहेर पडले तेव्हा चारही बाजूंचे सांधे कापून झाले होते आणि बापाच्या खोबणीच्या रंध्यानं तळाची आणि वरची खोबण ओढून झाली होती. राहिलं होतं ते बसवणं. असले सांधे घट्ट असतात, शेवटी मोगरीनं ठोकून बसवावे लागतात. ते जमणार नव्हतं. मी पेटी उभी केली, कोपऱ्यांना दोरखंड गुंडाळला, दोरीत काठी घातली आणि पीळ दिला, गाडीवर कडबा आवळतात तसा. सांधे निम्मे बसले आणि थांबले.

दारात माणसं जमली होती. म्हणजे दार नव्हतंच, चौकटीत जमली होती. हवालदारही होता. मी म्हणालो, "वजन पायजे. पाळकसाहेब, या."

"मी?"

"तुमी अडीच मण हाय. या कोपऱ्यावर बसा."

"अरे, मयताच्या पेटीवर..."

"पेटी अजून न्हाई झाली साहेब. तुमी बसल्याशिवाय व्हनार बी न्हाई."

पाळकसाहेबांनी पांढरा झगा आवरला आणि बसले. उपाशी माणूस, तोंड वाळलेलं, सात बोल सांगून आलेला, आणि माझ्या अंगणात आंब्याच्या फळीवर. कुणालाही हसू येत होतं आणि कुणी हसत नव्हतं. मी काठी पिळत होतो. कर्रर झालं आणि तो कोपरा बसला. "आता हिकडं," मी म्हणालो. ते उठून तिकडं बसले. तिसऱ्या कोपऱ्याला हवालदार न सांगता आला आणि त्यांच्या शेजारी बसला. चौथ्याला दोघं मिळून. तळ सरकवला. झाकणाला टोकाशी बाभळीची एक खुंटी केली, अंगठ्यानं दाबून बसणारी. तीन बाजू आंब्याच्या पिवळ्या, एक सागाची काळपट. दिसायला देखणी नव्हती. पण पाचला दहा मिनिटं कमी असताना ती मावशीच्या दारात होती.

मसणवटीत तोंड बघून झालं. पाळकसाहेबांनी प्रार्थना म्हटली. मग सगळे थांबले. सवय असते ना, आता हातोडा वाजणार म्हणून अंग आकसून घ्यायची. बायकांनी डोळे मिटले होते. मी हवालदाराला म्हणालो, "तूच सरकव."

त्यानं झाकण खोबणीत घातलं आणि ढकललं. तीनातले दोन हिस्से गेलं आणि अडकलं. त्यानं जोर लावला. हललं नाही. त्याचा हात खाली गेला, त्यानं एक धोंडा उचलला. मुद्दाम नव्हे, हात आपोआप जातो. मी त्याचं मनगट धरलं.

"थांब. मागं घे."

करवतीला लावायचं मेण माझ्या खिशात असतंच. मी गुडघ्यावर बसलो, दोन्ही खोबणींना लावलं, झाकणाच्या कडांना लावलं. लोक बघत होते. मी घाई केली नाही. मग म्हणालो, "आता. हळू."

झाकण गेलं. शाळेच्या पेन्सिलपेटीचं जातं तसं गेलं आणि टोकाला टेकलं. मी अंगठ्यानं खुंटी दाबली. झालं. कुणाला कळलंच नाही की झालं. बायका डोळे मिटूनच उभ्या होत्या.

हवालदार तिथंच वाकून राहिला, हात झाकणावर. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "बाचं झाकण ठोकल्यालं तवा मी आठ वर्साचा हुतो. त्यो आवाज अजून हाय कानात. गोळीबारात बी त्योच ऐकू यायचा." झाकण चाचपत म्हणाला, "हिनं मला कवा सांगितलं न्हाई, का गोळा करती ते."

मला सांगितलं होतं, पण तेही सगळं नसावं. मी दोरीचं एक टोक धरलं, त्यानं दुसरं, आणि आम्ही तिला खाली सोडली.

त्या दिवशी मला देवळातला एकही बोल नीट ऐकता आला नाही. पण उत्तम शुक्रवार म्हणजे काय, हे कुणी मला विचारलं तर मी हेच सांगतो. पाळकांनी सांगितलेलं चांगलंच असतं. मी आपलं माझं सांगतो. तो दिवस काही न ठोकण्याचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा उजवा तळवा एवढा सुजला होता की मूठ मिटत नव्हती. मी डाव्या हातानं उरलेल्या दोन सागवानी फळ्या आडव्या पट्ट्यांत सरकवल्या आणि दार चौकटीत उभं केलं. मधे वीतभर फट राहिली. बाहेरनं शेजाऱ्याची शेळी तोंड घालून आत बघत होती, तिला हाकललं आणि उंबऱ्याबाहेर बसून पटाश्यांना धार लावायला घेतली. आईनं त्या फटीतनं चहाची कपबशी बाहेर दिली. ती मी डाव्या हातानं घेतली आणि प्यालो.